उर्वशीला काचघर लागत नाही

लंडनला मुलीकडे गेले होते तेव्हा ती मला क्यूच्या बागेत घेऊन गेली. महिना मार्चचा, पण आपल्या माणसाला हुडहुडी भरवणारा. अंगात स्वेटर, स्वेटरवर कोट, कोटावर शाल. बागेत उपडं घातलेल्या जहाजासारखं काचेचं एक प्रचंड घर दिसलं. ते पाम हाऊस. १८४४ ते १८४८ या चार वर्षांत लोखंडाच्या कमानींवर काचा बसवून ते उभं केलं. दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. काही दिसण्याआधी वास आला. ओल्या मातीचा, कुजत्या पाल्याचा, दमट गरम हवेचा. हा वास माझ्या ओळखीचा होता. मुलुंडला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी खिडकी उघडली की हाच वास घरात येतो. चष्मा पुसून बघते तर समोर केळ, तिच्या पलीकडे नारळ. एक आजोबा नातवाला उचलून केळफूल दाखवत होते आणि ते पोर देवळात असावं तसं गप्प बघत होतं.

मला भरून आलं. परसातली केळ ती केवढी, आणि तिला जगवायला या लोकांनी लोखंड वितळवलं, काचा ओतल्या, हिवाळाभर खालून भट्ट्या पेटत्या ठेवल्या. दारापाशी झाडाचं नाव, त्याचा देश, त्याचा उपयोग, सगळं नीट लिहिलेलं. लोक थांबून वाचत होते.

“आई, आपल्याकडे असं का नाही गं?” मुलगी म्हणाली.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते सुचायला मला भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावं लागलं.

माझी आत्या माझ्याबरोबर निघाली. ती चिंचपोकळीच्या चाळीत वाढली आणि लग्न होऊन मुलुंडला आली, त्याला आता पंचावन्न वर्षं होतील. तरी या बागेचं नाव काढलं की तिची भाषा पुन्हा चाळीत जाते. आम्ही ‘राणीची बाग’ म्हणतो, ती ‘राणीचा बाग’ म्हणते. जुन्या मुंबईकरांचा बाग पुल्लिंगीच. “मला वाघबिघ काही बघायचे नाहीत,” तिनं आधीच बजावलं होतं, “मला झाडं बघायचीत. तेव्हा बघितलीच नाहीत आम्ही. नुसते त्यांच्या सावलीत बसायचो.” घराला कुलूप लावताना शेजारणीनं विचारलं, कुठे निघालात दोघी? आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं, “मुंबईला.” मुलुंड मुंबई महानगरपालिकेतच आहे, पण आम्हा मुलुंडकरांची मुंबई अजून दादरच्या पुढेच सुरू होते.

फेब्रुवारीतली सकाळ होती आणि बायकांच्या डब्यातली गर्दी ओसरली होती. भांडुपला एक बाई चढली, बसली, आणि पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढून निवडू लागली. समोरच्या दोघींनी न विचारता तिच्या मांडीवरच्या काड्या उचलल्या. विक्रोळीपर्यंत एक जुडी निवडून झाली, घाटकोपरपर्यंत आत्याच्या गुडघ्यांची सगळी कथा डब्याला कळली आणि तिला दोन तेलं आणि एक डॉक्टर सुचवून झाले. क्यूला जाताना लंडनच्या गाडीत कितीतरी स्टेशनं गेली, पण कोणी कोणाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिथे दुसऱ्याच्या एकांतात पाऊल टाकायचं नाही हा शिष्टाचार आहे आणि त्यात सौजन्यही आहे. पण अनोळखी बाईची मेथी निवडू लागणं हेसुद्धा सौजन्यच आहे, आणि ते मला जवळचं वाटतं.

कुर्ल्याच्या अलीकडे रुळांच्या कडेनं पालक आणि लाल माठाचे वाफे लागले. मग हळूहळू स्टेशनांची नावं झाडांच्या नावांनी बोलू लागली. या शहराचा नकाशा मी पूर्वी कधी असा ऐकला नव्हता. चिंचपोकळीत चिंच आहे. हार्बरच्या वडाळ्यात वड आहे, डोंगरीजवळच्या उंबरखाडीत उंबर, ताडदेवात ताड. भायखळा म्हणजे बहाव्याचं खळं, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. माणसांनी वस्ती केली तेव्हा खूण म्हणून समोर जे झाड होतं त्याचंच नाव दिलं. झाड गेलं, नाव राहिलं. चिंचपोकळीला गाडी थांबली तशी आत्या उठून दारापाशी गेली, बाहेर बघितलं आणि काही न बोलता परत येऊन बसली.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच वाटेनं गेली. आमचं मुलुंड तेव्हा शेतं आणि झाडी. भायखळ्याचं जुनं स्टेशन अलीकडे फार निगुतीनं दुरुस्त केलं, त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. लाकडी छताखाली उभं राहून आत्या म्हणाली, “हे असं होतं होय! आम्हाला कधी दिसलंच नाही, काळं झालं होतं सगळं.” धूळ पुसली की जुनी वस्तू दिसते. हे स्टेशनाचं झालं, झाडांचं अजून व्हायचं आहे.

भायखळ्याचा रस्ता मुलुंडच्या रस्त्यासारखा एकसुरी नाही. आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर फरसाण, ढोकळा आणि पोळी-भाजी केंद्र. इथे शंभर पावलांत पावाच्या भट्टीचा वास, मग उदबत्तीचा, मग बिर्याणीच्या देगाचा. हिरवी चादर पांघरलेला दर्गा, चर्चचा मनोरा, गणपती मंडळाचा बोर्ड. बागेच्या फाटकाबाहेर टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. टोपल्यांत बोरं, आवळे, उभी चिरलेली करंबळं आणि वाटीत तिखटमीठ. “आजी, आवळा घ्या, डोळ्यांना चांगला,” एकीनं आत्याला म्हटलं. आत्यानं आवळा घेतला, तिखटमीठ लावून घेतलं आणि वर आणखी एक बोर मागून घेतलं. मुलुंडच्या मॉलमध्ये फळाच्या स्टिकरवर भाव छापलेला असतो. तिथे वरचं बोर मागता येत नाही.

रांगेत आमच्या पुढे मदनपुऱ्यातलं एक कुटुंब होतं. बुरख्यातल्या तीन बायका, पाच मुलं, एक दमलेले मामू. मागे बदलापूरहून आलेली माणसं. एका मुलीनं वडिलांना विचारलं, “बाबा, राणी कुठली?” वडील म्हणाले, “जिजामाता.” हे उत्तर त्या बापानं क्षणभरही न अडखळता दिलं. राणी मूळची व्हिक्टोरिया. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी ही बाग लोकांसाठी खुली केली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोकांच्या तोंडचं ‘राणी’ तेवढं तसंच राहिलं आणि त्यात नवी राणी येऊन बसली. मला हे फार आवडतं. आमच्या उपनगरात नव्या टॉवरच्या आवारात जी बाग असते तिच्या दारावर ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटी असते. इथे दीडशेहून अधिक वर्षं मदनपुरा, लालबाग आणि बदलापूर एकाच रांगेत उभे राहतात.

या बागेचा जन्म प्राण्यांसाठी झालेला नाही, हे तिथे रोज जाणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेला १८३५ मध्ये शिवडीला जागा मिळाली आणि तिथे वनस्पतींची बाग उभी राहिली. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर हलली. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट ही माणसं त्या काळी बाग आणि संग्रहालय या दोन्हींसाठी झटली. १८७३ मध्ये बाग महानगरपालिकेकडे आली आणि प्राण्यांसाठी जागा वाढवली गेली ती त्यानंतर, १८९० च्या सुमाराला. आधी झाड, मग वाघ.

फाटकाशेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. २ मे १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं. आतल्या सोनेरी खांबांचं आणि मातीच्या बाहुल्यांचं वर्णन करायला वेगळा लेख हवा, म्हणून मी बाहेरच्या दगडी हत्तीपाशीच थांबते. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो हा हत्ती. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळच काळ्या घोड्याचा तो पुतळा आहे, घोड्यावरच्या राजपुत्रासकट. १९६५ मध्ये फोर्टातून हलवून त्याला इथे आणलं. घोडा इकडे आला, तरी तिकडच्या चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. चिंचपोकळीच्या चिंचेसारखं.

आत शिरल्यावर गर्दी सरळ पुढे गेली. वाघ, पेंग्विन, पाणघोडा. आम्ही दोघी बाजूच्या वाटेला लागलो आणि दहा पावलांत आवाज कमी झाला. उन्हाचा कडकपणाही कमी झाला. मुलुंड स्टेशनबाहेर त्याच वेळी कपाळावर घाम आला होता आणि इथे आत्यानं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

गोरखचिंचेनं आम्हाला पहिल्यांदा थांबवलं. फेब्रुवारीत तिच्यावर एक पान नसतं. हत्तीच्या पायासारखं राखाडी, सुरकुतलेलं खोड, वर आखूड फांद्या, आणि त्या फांद्यांना लांब देठांनी लोंबणारी मखमली फळं. हे झाड मूळ आफ्रिकेचं. अरबी आणि आफ्रिकी खलाशांबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर आलं असावं असं मानतात. अंधेरीला सीप्झच्या आवारातही अशा जुन्या गोरखचिंचा आहेत. हजारो माणसं रोज त्यांच्या शेजारून कामाला जातात. आम्ही तिला नाव देताना तिच्यात चिंच पाहिली आणि नाव गोरखनाथांचं दिलं. परदेशातून आलेल्या झाडाला आपलं करून घ्यायची ही मराठी रीत आहे. झाडाला कागदपत्रं विचारत नाहीत, त्याला गोत्र देतात.

कैलासपतीचंही तसंच. तोफेच्या गोळ्यांसारखी फळं खोडावरच लटकलेली, आणि खोडाला लगडलेली गुलाबी-लाल फुलं. फुलाच्या मध्यात पिंडीसारखा भाग आणि त्यावर नागाचा फणा. झाड दक्षिण अमेरिकेचं, पण ते शंकराचं नाही असं आता कोणी म्हणू शकणार नाही. खाली पडलेली फुलं एक पंजाबी ड्रेसमधली मुलगी गोळा करत होती. जवळ उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकानं तिला सांगितलं, “तोडू नका, पडलेली घ्या.” तिनं ओंजळभर फुलं ओढणीत बांधली, त्यातलं एक आत्याला दिलं. “आजी, देवाला वाहा.” वास जाड, गोडसर, तासभर हाताला राहणारा. क्यूमध्ये खाली पडलेलं पानसुद्धा कोणी उचललं नव्हतं. तिथे झाड बघायचं असतं. आपल्याकडे झाडाकडून काहीतरी घरी न्यायचं असतं, फूल, पान, सावलीत घेतलेली झोप. दोन्हींत आदर आहे.

आत्या एका बाकावर बसली आणि बोलू लागली. गिरणीला सुट्टी असली की चाळीतली चार बिऱ्हाडं मिळून इथे यायची. दशम्या, लसणाची चटणी, कांदा. पुरुष गवतावर आडवे व्हायचे ते सूर्य कलेपर्यंत उठायचे नाहीत. “रात्रपाळीची माणसं ती,” ती म्हणाली, “खोलीत आठ जणं. झोपायला जागा कुठली? तुझे आजोबा इथेच पोटभर झोपायचे.” मुलांना हत्तीवर बसवून फिरवत असत तेव्हा. तिला एकदाच बसायला मिळालं, कारण एकाच मुलाचे पैसे होते आणि तिचा नंबर आला होता. माझे वडील खाली उभे राहून बघत होते म्हणे. त्यांनी मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

आणि मग ती दिसली.

मी तिचं वर्णन वाचलं होतं, फोटो पाहिले होते, तरी मी तयार नव्हते. झाड मध्यम उंचीचं, पानं दाट. फांद्यांच्या टोकांना कोवळी पालवी ओल्या रुमालांसारखी लोंबत होती, तांबूस-जांभळट. तिच्या मधून खाली उतरलेले फुलांचे घोस. हातभर लांब, झुंबरासारखे, प्रत्येक फूल लालभडक, पाकळीच्या टोकाला पिवळा टिळा. वारा नव्हता तरी घोस हलल्यासारखे वाटत होते. ही उर्वशी. शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस.

खाली एक माळीकाका पाचोळा गोळा करत होते. जुन्नरकडचे. आत्यानं विचारलं, “दादा, हिला काय घालता?” ते म्हणाले, “काही नाही आजी. पाणी आणि तिचाच पाला. तिला माती मोकळी लागते बघा, मऊ. मुळांवर पाय नको.” खोडाभोवतीचं आळं त्यांनी हातानं सारखं केलं. मी विचारलं, बी मिळेल का? त्यांनी मान हलवली. “ही बी धरतच नाही फारशी. गुटी बांधावी लागते. तीपण दहातली एखादी लागली तर लागली.”

या झाडामागे एक मोठी कहाणी आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख नाथानिएल वॉलिच यांना ते १८२७ च्या सुमाराला ब्रह्मदेशात मार्ताबानजवळ एका मठाच्या बागेत दिसलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याची ओंजळ ओंजळ फुलं वाहिलेली होती. वॉलिच यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि कन्येच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं. बातमी इंग्लंडला पोचली आणि तिथल्या धनिकांना या झाडाचा ध्यास लागला. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला मुद्दाम हिंदुस्थानात धाडलं. बंद काचेच्या पेट्यांत रोपं ठेवून गिब्सन १८३७ मध्ये परतला. ती पेटी म्हणजे जहाजावरचं छोटं काचघरच. खारं वारं आत येत नाही आणि आतली ओल बाहेर जात नाही. चॅट्सवर्थला ड्यूकच्या इस्टेटीवर जोसेफ पॅक्स्टन या बागप्रमुखानं तेव्हाचं सर्वांत भव्य काचघर उभं केलं. उर्वशी तिथे वाढली, पण फुलली नाही. इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा फुलली १८४९ मध्ये, लंडनजवळ ईलिंग पार्कला, लुइझा लॉरेन्स या बाईंच्या काचघरात. पहिला घोस व्हिक्टोरिया राणीला नजर केला गेला.

चॅट्सवर्थच्या काचघराचं पुढे काय झालं? पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. भट्ट्या विझल्या, आतली झाडं गारठून मेली आणि १९२० मध्ये ते काचघर पाडून टाकलं.

भायखळ्याच्या त्या झाडाखाली उभी असताना मला मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आपल्याकडे असं का नाही? कारण आपल्याला काच लागत नाही. क्यूमध्ये लोखंड आणि काच वापरून जी हवा तयार केली ती आपल्याला समुद्र फुकट देतो. हे सगळं पन्नासएक एकरांचं मोकळं रान म्हणजेच आपलं काचघर. त्याचं छप्पर आभाळाचं आहे म्हणून ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याची किंमत कळत नाही.

मग आम्ही पेंग्विन बघायला गेलो. आत्यानं नको म्हटलं होतं, पण बाहेर मुलांचा जो कल्ला चालला होता त्यानं तीही ओढली गेली. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आणले आणि मार्च २०१७ पासून लोकांना ते बघता येऊ लागले. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. तिथे थंड प्रवाह वाहतो, म्हणून इथे त्यांच्यासाठी हवा आणि पाणी सोळा ते अठरा अंशांच्या आसपास राखावं लागतं. काचेपलीकडे ते पाण्यात बाणासारखे जात होते. मदनपुऱ्याचे मामू आता दमलेले दिसत नव्हते. धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन ते स्वतःच काचेला नाक लावून उभे होते. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही.

पण क्यू माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिथे थंडीच्या देशात काचेआड उष्णता कोंडली होती, इथे उष्ण देशात काचेआड थंडी कोंडली आहे. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. ते एक दिवस बंद पडलं तर काय, हा प्रश्न चॅट्सवर्थच्या झाडांना विचारून झाला आहे. उर्वशीचं कुठलंही यंत्र बंद पडणार नाही. तिला लागते ती मऊ माती. ती देणं सर्वांत स्वस्त आहे आणि तीच आपण द्यायला विसरतो. प्राण्यांसाठी बांधकाम वाढलं की वाटा रुंदावतात, फरश्या येतात, पाया खोदताना मुळं तुटतात. झाड लगेच मरत नाही. चार-पाच पावसाळ्यांनी मरतं, आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

२००७ च्या सुमाराला या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा चारशे कोटींहून मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा काही नागरिक हादरले. बहुतेक बायका. त्यांनी ‘सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन’ नावानं एकत्र येऊन वही-पेन्सिल घेतली आणि झाडं मोजायला सुरुवात केली. ३,२१३ झाडं. २८६ जाती. झुडपं-वेली धरल्या तर वनस्पतींच्या ८५३ जाती. ही आकडेवारी आणि बागेचा वारसा दर्जा घेऊन त्या दार ठोठावत राहिल्या आणि मूळ आराखडा वारसा समितीत अडला. मला या लढ्यात सर्वांत थोर वाटते ती मोजदाद. जे मोजलेलं नसतं ते कापलं तरी कमी होत नाही. आज बागेत फिरताना काही झाडांवर नावाच्या पाट्या दिसतात, काहींवरच्या पुसट झाल्यात, पुष्कळांवर नाहीतच. ब्राउनिया नावाच्या झाडावरच्या लाल गेंदासमोर उभं राहून एक तरुण जोडपं फोटो काढत होतं. मुलानं विचारलं, “काय असेल हे?” मुलगी म्हणाली, “असेल काहीतरी गुलमोहरासारखं.” बाजूला पाटी असती तर ती दोघं वाचतील अशीच होती.

निघताना आत्याला चहा हवा होता. इराण्याकडे गेलो. संगमरवरी टेबल, मस्का लावलेला बन, काचेच्या पेल्यात चहा. आत्यानं बन चहात बुडवून खाल्ला. चिंचपोकळीला खात तसाच. कैलासपतीचं फूल तिनं टेबलावर ठेवलं होतं. वेटर म्हणाला, “राणी बाग से?” आणि पाण्याचा पेला आणून फूल त्यात घातलं.

परतीच्या गाडीत मी आमच्या मुलुंडचा विचार करत होते. आमच्या पश्चिमेला डोंगर आहे आणि डोंगरापलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बिबट्या आमच्या सोसायट्यांच्या कॅमेऱ्यात दिसतो. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कारवी फुलली तेव्हा डोंगर जांभळा झाला होता. एवढं रान दाराशी असून आमच्या नव्या इमारतींत मोटारींच्या मजल्यावर दोन फूट माती टाकून आणलेले परदेशी पाम लावतात. त्यांची मुळं खाली कुठेच जाऊ शकत नाहीत. आमच्या गल्लीतला गुलमोहर दोन पावसाळ्यांपूर्वी पडला. खोडाला चिकटून फरशा बसवलेल्या होत्या. उपटलेल्या मुळांचा गोळा घमेल्याएवढा होता, एवढ्या मोठ्या झाडाचा. फरशा बसवल्या तेव्हा मी खिडकीतून बघत होते. माळीकाकांचं वाक्य मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी आणि शेजारच्या दोन मुलांनी मिळून आवारातल्या बकुळीभोवतीच्या चार फरशा काढल्या. सोसायटीला पत्र दिलं, मग काढल्या. खालची माती सिमेंटसारखी घट्ट झाली होती. ती उकरायला दोन संध्याकाळी लागल्या.

उर्वशी थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फुलते. मुलांना पेंग्विन दाखवायला न्याल तेव्हा बाजूच्या वाटेनं तिच्यापर्यंत जा, पाच मिनिटं थांबा, आळ्याबाहेर उभे राहा आणि मुलांना तिचं नाव सांगा.